मेणाचा डावा हात

हात तिचाच होता. भावनानं तो परातीतून उचलला तेव्हा तिला तसं काही वाटलं नव्हतं. मेणाचा एक हात, मनगटाशी संपलेला, लहान मुलाचा असावा एवढा, फिकट पिवळा. टपरीवाल्या म्हाताऱ्या फेलसीबाई म्हणाल्या, "नीट बघून घे हां, तडकलेला नको नेऊ," म्हणून तिनं तो उन्हात धरून फिरवला आणि करंगळीच्या शेवटच्या पेराशी तिची नजर अडली. करंगळी शेजारच्या बोटाकडे वळलेली होती, त्याच्या कानात काही सांगायला झुकावी तशी. भावनानं स्वतःचा डावा हात वर केला. तीच करंगळी, तोच कोन. तो कोन तिला अंशांत माहीत होता, कारण एम.एस्सी.ला असताना एका कंटाळवाण्या तासाला तिनं तो कोनमापक लावून मोजला होता. अठरा अंश. तिनं दुसरा हात उचलला, मग तिसरा. सगळ्या करंगळ्या तशाच झुकलेल्या. समोर वसईच्या किल्ल्यातलं ते जुनं चर्च होतं. चारशे वर्षांच्या भिंती, वर अलीकडं घातलेलं छप्पर, भिंतींच्या फटींतून पिंपळाची रोपं. संत गोन्सालो गार्सिया याच गावात जन्मला, दूर जपानात गेला आणि तिथं क्रूसावर भाल्यांनी मारला गेला, असं वाटेतल्या फलकावर वाचून ती आली होती. सण होऊन आठवडा लोटला होता, माणसं तुरळक होती. आणि परातीत, वर्तमानपत्राच्या तुकड्यावर, सव्वीस वर्षांच्या भावनाचे सहा वर्षांचे तीसेक हात एकमेकांवर पडून ऊन खात होते.

तिनं हात खाली ठेवला नाही. ठेवायला हवा होता का, हे तिला समजेना. ती आली होती ते एक मेणाचा हात आत नेऊन ठेवायला, आणि ठेवायचा की नाही हे अजून तिचं ठरलं नव्हतं. बदलापुरात, हेंद्रेपाड्यातल्या घरी, तिचे बाबा भीमराव नोव्हेंबरपासून खुर्चीत होते. अर्धांगाच्या झटक्यातून पाय बराचसा परतला, बोलणं पूर्ण परतलं, उजवा हात परतला नाही. व्यायाम शिकवायला येणारी अनुया म्हणाली होती, "काका, पहिल्या सहा महिन्यांत जे येईल ते येईल. नंतर मी कितीही आले तरी मलाच चहा प्यायला मिळेल, बाकी काही नाही." बाबा हसले होते, आणि ती गेल्यावर तिनं दिलेला रबरी चेंडू खिडकीत ठेवून दिला होता. तीन महिने तो तिथंच होता. सहातले तीन गेले, तीन उरले. हात मांडीवर मूठ होऊन पडायचा आणि बाबा त्याच्याकडे दुसऱ्या कुणाची तरी विसरलेली वस्तू असावी तसं बघायचे. शेवटी आई, शीलाबाई, एका दुपारी भावनाच्या खोलीत येऊन दार लोटून म्हणाली, "वसईला जाऊन ये. एक हात ठेव त्यांच्या नावानं. तिथलाच घे, इकडून नेऊ नकोस. एवढं माझं कर." ज्या घरात आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतल्यापासून कुणी नवस बोललं नव्हतं, गंडा बांधला नव्हता, जिथं बावीस प्रतिज्ञा काचेखाली भिंतीवर होत्या आणि ती काच दर रविवारी बाबा स्वतः पुसायचे, त्या घरात आई कुजबुजत होती. "बाबांना काय सांगू?" "काही सांगू नकोस." पण भावनानं बाबांशी कधी खोटं बोललेलं नव्हतं. तसा नियम कुणी केला नव्हता, ते फक्त घडलं नव्हतं. म्हणून सकाळी निघताना ती म्हणाली, "वसईचं जुनं चर्च बघून येते." बाबांनी बराच वेळ तिच्याकडे पाहिलं. "बघ की. इतिहास आहे तो. समोर माणसं हात जोडत असतील तर तूही जोड, त्यात काही जात नाही. मागू नकोस फक्त." म्हणजे त्यांना कळलं होतं. म्हणजे संध्याकाळी ते विचारणार होते, आणि तिला उत्तर द्यावं लागणार होतं. कल्याणहून एसटीत बसल्यापासून ती दोन्ही उत्तरं तोंडात घोळवून बघत होती. ठेवला म्हटलं की बाबांचं काहीतरी मोडणार होतं. नाही ठेवला म्हटलं की आईचं.

"मावशी," ती म्हणाली, "उजवा नाही का?"

"काय?"

"हे सगळे डावे आहेत."

फेलसीबाईंनी एक हात घेतला, उलटा केला, सुलटा केला, स्वतःच्या हातावर ठेवून पाहिला. "आयला, खरंच गो," त्या म्हणाल्या. "वीस वर्सं विकते मी. एकानं विचारलं नाय." मग त्यांनी तो परत ठेवला. "पन हात तो हात. संताला काय तू येडा समजतेस? आत जा, कोनाचा ते नाव सांग. डावं-उजवं तो बघून घेल. कोनासाठी पायजे?"

"वडिलांसाठी."

"काय झालंय?"

"लकवा. उजवा हात."

"मंग हाच ने. दुसरा कुठून आनू? हे काय झाडाला लागतात? उल्हासनगरावरनं येतात. सिंधी शेठ आहे कोन. पूर्वी त्याचा मानूस यायचा टेंपोत बसून, एकेक हात भुशातनं काढून मोजून द्यायचा. उंच, काळा, गप्प. चा दिला तर घेतला, नायतर नाय. मी त्याला म्हटलं, बाबा, एवढे हात आनतोस, एक वेळ आत तरी जाऊन ये. तर काय म्हनतो ठाव हाय? माझं काम दारापर्यंत, म्हने." फेलसीबाई हसल्या. "मानूस चांगला होता. आता कोन दुसराच येतो, अर्धे हात तोडून आनतो."

भावनानं पैसे दिले. आपण काय ऐकलं ते तिला कळलं होतं, पण ते डोक्यात जाऊन बसायला वेळ घेत होतं, एखादा क्षार पाण्यात टाकल्यावर तळाशी काही क्षण तसाच राहतो तसं. लहानपणी शाळेत वडिलांचा व्यवसाय लिहायचा असे तिथं ती लिहायची, मेणबत्ती कारखान्यात नोकरी. कारखाना म्हणजे उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये, दोन्हीकडं बॅरकींची घरं आणि मधल्या बोळात एक पत्र्याची शेड. शेजारी जीन्स शिवणाऱ्या मशिनी दिवसभर घरघरायच्या आणि पलीकडून पापड भाजल्याचा वास यायचा. तिथं दिवाळीच्या मेणबत्त्या व्हायच्या, वाढदिवसाचे आकडे व्हायचे. हे तिनं पाहिलेलं होतं. मागच्या अंगाला एक खोली होती तिचं दार लोटलेलं असायचं. त्या खोलीत ती एकदाच गेली होती, आणि ती आठवण इतकी वर्षं तिच्याकडं खेळ म्हणून जमा होती.

सुट्टीचा दिवस होता. बाबांनी तिला स्टुलावर बसवलं होतं, समोर लाकडी खोकं, खोक्यात पांढरा चिखल. खोबरेल तेलानं तिचं मनगट, तळवा, बोटांमधल्या जागा त्यांनी इतक्या सावकाश माखल्या की तिला झोप येऊ लागली. तिनं आपणहून उजवा हात पुढं केला होता. आपण कुणाला काही देताना उजवाच पुढं करतो. बाबांनी तो धरला, आणि सोडला. "हा नको. ह्यानं लिहायचंय तुला. डावा दे." दारात शेठ उभा होता, लछूशेठ, पांढरा पायजमा, तोंडात बडीशेप. तो हसला. "अरे साईं, पीओपी है, तेजाब थोड़े ही है. कुछ नहीं होता बच्ची को." बाबा म्हणाले, "पता है, शेठ. फिर भी." आणि डावा हात चिखलात गेला. आधी थंड, दही असावं तसा. मग त्यांनी वरून आणखी ओतलं आणि हात नाहीसा झाला. मग कुठूनशी ऊब आली. चिखल आपोआप तापत चालला, आतून, विस्तवाशिवाय, आणि तिला वाटलं चिखलाच्या आत कुणी आहे आणि त्यानं तिचा हात हातात घेतला आहे. पुढं बारावीला प्लास्टर घट्ट होताना उष्णता बाहेर पडते हे समीकरण शिकताना वर्गात एकटी तीच हसली होती. सरांनी विचारलं होतं, काय झालं? काही नाही सर, म्हणाली होती. तिला वाटलं होतं त्या साच्यातून निघणारे हात कधीतरी एखाद्या कपाटात, एखाद्या शिंप्याच्या दुकानात हातमोजे घालून उभे असतील. बाबांना तिनं कधी विचारलं नाही. विचारण्यासारखं त्यात काही आहे असं वाटलंच नव्हतं.

ती आत गेली. आत ऊन गाळून घेतल्यासारखं होतं. लाकडी बाकांवर दोघीतिघी बसल्या होत्या, एकीची जपमाळ ओठांबरोबर हलत होती. पायाखाली जुन्या थडग्यांच्या शिळा, त्यांवरची अक्षरं पावलांनी पुसलेली. भावना पाय कुठं ठेवावा या विचारात थोडी तिरकी चालली. जन्मस्थान म्हणजे नक्की कोणती जागा, हा प्रश्न तिला बसमध्ये पडला होता. घर कुणाला माहीत नाही, खोली माहीत नाही. गाव माहीत आहे, आणि गावानं एक जागा ठरवून तिच्याभोवती भिंती उभ्या केल्या. आता मात्र तो प्रश्न तिला तितकासा महत्त्वाचा वाटेना. ती शेवटच्या बाकावर बसली. पुढं संताच्या पुतळ्याच्या पायाशी वेताची टोपली होती, आणि टोपलीत मेणाचे पाय होते, डोळ्यांच्या जोड्या होत्या, एक तान्हं बाळ होतं, एक घर होतं. आणि हात. इथूनही तिला ते ओळखू येत होते, आपला आवाज दुसऱ्या खोलीतून ओळखू यावा तसे. वीस वर्षं. सणाला शेकड्यांनी, एरवी दिवसाला दोनचार. प्रेसमध्ये चिरडलेल्या बोटांसाठी, संधिवातासाठी, भाजलेल्या तळव्यांसाठी, जन्मतः वाळलेल्या दंडासाठी माणसांनी तिचा हात घेतला, छातीशी धरला, त्याच्यावर डोळे टेकले आणि इथं ठेवला. ती त्या वेळी कुठं होती? नगरपालिकेच्या शाळेत पाढे म्हणत होती, अंबरनाथच्या प्रयोगशाळेत नळ्या धूत होती, झोपली होती. आणि तिचा हात इथं कामावर होता. तिला कधीकधी डाव्या तळव्यात कारण नसताना ऊब जाणवायची; तशी सगळ्यांनाच जाणवत असेल, असं समजून तिनं त्याची कधी नोंद केली नव्हती. आताही तिनं तो विचार पुढं जाऊ दिला नाही. पण तो गेलाही नाही, बाकावर शेजारी बसून राहिला.

ती ज्या कंपनीत होती तिथं तिचं कामच डावं-उजवं वेगळं करण्याचं होतं. काही औषधांचे रेणू हातांसारखे असतात. एकाच घडणीचे दोन, पण आरशातले, कितीही फिरवले तरी एकमेकांवर बसत नाहीत. एक रोग बरा करतो, दुसरा नुसताच शरीरातून हिंडून निघून जातो. नमुन्यात चुकीचा किती टक्के आला ते ती रोज काढायची आणि मर्यादेबाहेर गेला की लाल शिक्का मारायची. इथं शंभर टक्के होता. उजव्या हातानं जगणाऱ्या एवढ्या माणसांनी डावे हात ठेवले, कारण एका बापानं आपल्या मुलीचा लिहिता हात पांढऱ्या चिखलात घालायला नकार दिला. हे कळल्यावर तिला रडू यायला हवं होतं किंवा हसू. त्याऐवजी तिला फार झोप आली, तेल लावून घेताना आली होती तशी. तिच्या मुठीतला हात हळूहळू ऊन होत होता. मेण पातळ व्हायला साठाच्या आसपास तापमान लागतं, अंगाच्या उबेनं ते फक्त मऊ पडतं, एवढं तिला पक्कं माहीत होतं. तरी तिला भीती वाटली की आता ती लहान बोटं तिच्या बोटांभोवती मिटतील. तिला दिसलं की बाहेर, टपरीशी, टेंपोच्या मागच्या फळीवर बाबा बसलेत, चाळिशीतले, उंच, शर्टावर भुसा, आणि चर्चच्या दाराकडं बघतायत. आत काय होतं ते त्यांनी कधी पाहिलं नाही. एकेक हात भुशातून काढून दिला आणि तो हात, त्यांच्या पोरीचा हात, अनोळखी माणसाबरोबर आत जाताना बघत राहिले. मग टेंपो सुरू झाला, आणि दुसऱ्या दिवशी रविवार होता, आणि त्यांनी भिंतीवरची काच पुसली.

एक पोक्त बाई उठून पुढं गेली, टोपलीत पाय ठेवून आली. परत जाताना तिनं भावनाकडं बघून मान हलवली, तुझं चालू दे, असं काहीसं. भावना उठली. पुतळ्यासमोर ती उभी राहिली, आणि हात टोपलीत ठेवला, इतर हातांत. आईनं सांगितलं होतं म्हणून ठेवला. बाबांचं नाव घेतलं नाही, काही मागितलं नाही. प्रयोगशाळेत एखादी गोष्ट जिथली तिथं ठेवताना मन जसं रिकामं असतं तसं तिनं ते ठेवलं, म्हणजे निदान तसा प्रयत्न केला. वळताना तिच्या मनात एकच शब्द आला, बाबा. मागणं धरायचं की नाही हे तिला ठरवता आलं नाही.

हेंद्रेपाड्यात पोहोचली तेव्हा अजून उजेड होता. खालच्या मैदानात क्रिकेट चालू होतं. बाबा खुर्चीतच होते; आई आत कणीक तिंबत होती, परातीचा ठक ठक आवाज येत होता. भावना चपला काढून त्यांच्यासमोर खाली बसली.

"बघितलंस?"

"बघितलं."

"ठेवलास?"

"ठेवला."

परातीचा आवाज थांबला. बाबांनी मान हलवली, कुणी निकाल सांगावा तशी. "मागितलंस?"

"नाही. पण शेवटी तुम्ही आठवलात. ते मोजायचं का, मला नाही माहीत."

भावना म्हणाली, "डावा ठेवला, बाबा. तिथं सगळे डावेच आहेत."

बाबांनी चेहरा खिडकीकडं वळवला. "फेलसी आहे अजून?"

"आहे. म्हणाली, शेठचा माणूस उंच होता."

"आता कशाचा उंच." मग ते म्हणाले, "सभेत उभं राहून प्रतिज्ञा म्हणायचो, आणि सकाळी जाऊन नवसाचे हात ओतायचो. तुला सांगितलं नाही. तू विचारलं असतंस."

"काय विचारलं असतं?"

"की बाबा, लागू पडतं का?"

"पडतं का?"

"मला काय माहीत? मी दारापर्यंतच जायचो."

आई आतून म्हणाली, "मी तिला म्हटलं होतं, तिथलाच घे म्हणून." पिठानं भरलेले हात घेऊन ती दारात आली. तिला सगळं माहीत होतं, हे भावनाला आता दिसलं; किती वर्षांपासून, ते विचारायचं धाडस तिला झालं नाही. आईनं डोळे बाबांवर रोखले होते, रागावून बोलायचं तर बोला, अशा तयारीत. पण बाबा भावनाकडं झुकले.

"माल कसा होता?"

"काय?"

"हात, हात. बुडबुडे होते?"

तिला आठवावं लागलं. "मनगटाशी होते. आणि साच्याच्या जोडावर धार लागत होती."

"धार?" बाबा खुर्चीत ताठ झाले. "घासत नाहीत म्हणजे. मेण उकळून ओतत असणार, घाई. लछूशेठला दहा वेळा सांगितलं, थोडं निवू दे. अगं, लोक ते डोळ्यांना लावतात, आणि धार?"

"मग उजवा का नाही केलात नंतर कधी?"

"तुझा?" ते जवळजवळ ओरडलेच.

"माझा नाही. कुणाचाही. लोक डावाच नेतायत वीस वर्षं."

ही गोष्ट बाबांनी कधी अशी पाहिलेली नसावी. मग त्यांची नजर खाली मांडीवर गेली. "हा आहे की," ते म्हणाले. "साच्याला एक नंबर. निपचित पडून असतो."

"काहीतरी अभद्र बोलू नका," आई म्हणाली, पण ती हसली, आणि हसताना तिनं पिठाचा हात डोळ्यांपर्यंत नेला.

भावना हसली नाही. तिनं बाबांची मूठ आपल्या दोन्ही हातांत घेतली. थंड, जड, नखं तळव्यात रुतलेली. "हा नाही चालणार, बाबा. मूठ आहे ही. प्लास्टर आत जाऊन बसेल, साचा उघडायचाच नाही."

हे त्यांना तिच्याआधी कळायला हवं होतं, आणि कळलंही असावं, कारण ते लगेच म्हणाले, "हो. अडकेल." थोडा वेळ ते मुठीकडं कारागिराच्या नजरेनं, एक डोळा बारीक करून बघत राहिले. "बोटं सरळ पाहिजेत."

"सरळ पाहिजेत."

"सरळ, आणि मध्ये फटी. कागद जाईल एवढ्या."

"किती दिवस लागतील?"

"तुझी ती अनुया सांगेल," ते म्हणाले. "सोड."

तिनं मूठ सोडली. खाली कुणीतरी बाद झालं आणि गलका उठला. भीमरावांनी डाव्या हातानं उजव्याचा अंगठा धरला, पहिल्यांदा नुसता चाचपला, मग ओढला. तो निघाला, थरथरला आणि सोडल्याबरोबर आत मिटला. त्यांनी तो पुन्हा काढला, आणि या वेळी धरून ठेवला.